पारख, आकडा आणि उत्तरदायित्व : कोल्हापूर परिसरातील कुस्ती-कबड्डी शौकिनांच्या मूल्यमापनाची चिकित्सा

प्रास्ताविक

समीक्षा ही साहित्यकृतीचीच असते, अशी आपल्या मराठी विभागांतून एक अलिखित समजूत आहे. परंतु एखाद्या कृतीविषयी निकष लावून, पूर्वीची उदाहरणे देऊन आणि प्रतिपक्षाचे म्हणणे खोडून काढून केलेले कोणतेही बोलणे जातीने समीक्षाच असते. या व्यापक अर्थाने पाहिले तर कोल्हापूर जिल्ह्यात सर्वाधिक लोकांकडून, सर्वाधिक नियमितपणे आणि निश्चितच सर्वाधिक त्वेषाने केली जाणारी समीक्षा ही पैलवानाची समीक्षा आहे, असे विधान करण्यास हरकत नसावी. गारगोटीसारख्या तालुक्याच्या गावी चहाच्या दुकानात, केशकर्तनालयात, जत्रेच्या मैदानाच्या कडेला ती चालू असते. तिच्यात शेतकरी असतात, निवृत्त शिक्षक असतात, कधीकाळी तालमीत राहून आलेले आणि आता दूधसंस्थेत काम करणारे असतात. गेल्या दहा-बारा वर्षांत या चर्चेत कबड्डीच्या व्यावसायिक स्पर्धेची आणि तिच्या लिलावाची भर पडली आहे.

या चर्चेत एक प्रश्न वारंवार येतो : 'हे पोरगं होणार का?' या वाक्यात 'होणे' या क्रियापदाला पूरक शब्द नाही. काय होणार, हे सांगावे लागत नाही. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ते ठाऊक असते. मुलाने आजवर काय केले यापेक्षा तो पुढे काय होईल, यावर सारा रोख असतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाला शौकीन कोणत्या निकषांवर उत्तर देतात, त्या निकषांचे बळ आणि त्यांतील दोष कोणते, आणि अलीकडे आलेल्या आकड्यांच्या भाषेने त्यात काय बदल झाला, याची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. हे समाजशास्त्रीय सर्वेक्षण नाही. भुदरगड आणि आसपासच्या तालुक्यांत ऐकलेल्या बोलण्याचा भाषेच्या अभ्यासकाने घेतलेला हा धांडोळा आहे. अशा चर्चेत प्रस्तुत लेखकानेही वेळोवेळी तोंड घातले आहे, हे प्रारंभीच मान्य केलेले बरे.

शौकिनाची परिभाषा

या क्षेत्राची शब्दकळा पाहिली तर तिचे बाह्यरूप बरेचसे अरबी-फारसी आहे. पैलवान, वस्ताद, खुराक, शौकीन हे शब्द त्या वाटेने आले. 'तालीम' या शब्दाचा मूळ अर्थच शिक्षण असा आहे. आपण ज्याला शिक्षणसंस्था म्हणतो तिच्या आधीपासून या गावांत एक शिक्षणसंस्था होती, हे त्या शब्दाने जपून ठेवले आहे. परंतु मुलाची पारख करताना जे शब्द वापरले जातात ते मात्र जवळजवळ सगळे देशी आहेत, आणि शेतीच्या व जनावरांच्या व्यवहाराशी त्यांचे नाते लपत नाही.

त्यांतला सर्वांत महत्त्वाचा शब्द 'हाडापेर'. बारा वर्षांच्या मुलाच्या अंगावर मांस किती आहे, याला जाणता माणूस महत्त्व देत नाही, कारण मांस खुराकाने चढते. तो मनगट पाहतो, घोटा पाहतो, मानेचा आणि खांद्याचा सांधा पाहतो. ऊस जसा पेरावरून जोखावा तसे हे जोखणे असते. त्याच्या जोडीला बापाची आणि मामाची उंची विचारली जाते. हे सारे अर्थातच अनुमान आहे, पण डोळसपणे केलेले अनुमान आहे. मूल आज काय आहे यातून वाढीचा भाग वजा करून ते उद्या काय असेल हे सांगण्याचा तो प्रयत्न आहे. त्यानंतर येतो 'दम'. लढत चालू असतानाचा दम कोणालाही दिसतो. शौकीन लढत संपल्यानंतर पाहतो. मुलगा हौद्याबाहेर येऊन कंबरेवर हात ठेवून वाकतो की चालत राहतो, तोंडाने श्वास घेतो की नाकाने, किती वेळात पुन्हा बोलू लागतो, याकडे त्याचे लक्ष असते. आणि तिसरा शब्द 'काळीज'. वजनाने भारी जोडीदार अंगावर आला असता मुलाचे पाऊल मागे पडते की तिरके पडते, यावरून ते ठरवले जाते. फुटलेला कान हे तालमीत घालवलेल्या वर्षांचे प्रमाणपत्र मानले जाते. मात्र जुना शौकीन त्याला फारशी किंमत देत नाही. कान कुणाचाही फुटतो, असे तो म्हणतो.

या परिभाषेत गणती जवळजवळ नाही, ही बाब लक्षणीय आहे. मुलाने किती कुस्त्या मारल्या, असे फार क्वचित विचारले जाते. 'कुणाबरोबर लढला?' असे विचारले जाते. नावाजलेल्या मल्लाशी वीस मिनिटे झुंजून बरोबरीत सोडवलेली एक कुस्ती ही किरकोळ जोडीदारांवरच्या दहा चितपट कुस्त्यांपेक्षा मोठी मानली जाते, आणि कधी कधी हरलेली कुस्तीदेखील मोठी मानली जाते. प्रतिस्पर्ध्याच्या दर्जाने यशाला भागणे, हे जे आजचे क्रीडासंख्याशास्त्र मोठ्या परिश्रमाने करते, ते या बोलण्यात उपजत आहे.

पण या परिभाषेचा एक मोठा दोषही येथेच नोंदवला पाहिजे. ती कधी चुकत नाही. हाडापेराचा म्हणून गाजलेला मुलगा पुढे काही झाला नाही, तर 'खुराक कमी पडला' किंवा 'संगत बिघडली' असे उत्तर तयार असते. किडकिडीत म्हणून सोडून दिलेला मुलगा पुढे नाव काढतो, तेव्हा 'काळीज होतं त्याच्यात' असे म्हटले जाते. जी पारख घडलेल्या प्रत्येक गोष्टीशी जुळवून घेते तिला चुकीची शिक्षा होत नाही, आणि म्हणून ती सुधारतही नाही. आपण समीक्षकांनी यावर हसण्याचे कारण नाही. पहिल्या कवितासंग्रहाच्या परीक्षणात 'आश्वासक' हा शब्द आपण गेली पन्नास वर्षे ज्या सढळपणे वापरत आलो आहोत, त्यांतील किती आश्वासने पाळली गेली याचा हिशेब कोणी ठेवला आहे? कवी पुढे लिहिता राहिला तर आपली पारख खरी ठरते. न राहिला तर आपले परीक्षण कोणाच्या आठवणीत राहत नाही.

जोड लावणे

पारख केवळ बोलण्यापुरती राहत नाही, ती कसोटीला लागते, असे एक ठिकाण मात्र या परंपरेत आहे. ते म्हणजे जत्रेच्या मैदानात जोड लावणे. मोठ्या इनामाच्या कुस्त्या आधी ठरलेल्या असतात आणि त्या हस्तपत्रकावर छापलेल्या असतात. परंतु दुपारी प्रारंभी ज्या लहान मुलांच्या कुस्त्या होतात, त्या बहुधा जागेवर ठरतात. लंगोट लावलेली मुले मैदानात उभी असतात. पंच कमिटीतला एखादा जाणता माणूस एका मुलाचा दंड धरून त्याला दुसऱ्याशेजारी उभा करतो, दोघांचे खांदे एका रेषेत येतात का पाहतो, पाठीवर थाप मारून एकाला बाजूला सारतो, तिसऱ्याला पुढे ओढतो. वजनकाटा नसतो. हलगी वाजत असते. अर्ध्या मिनिटात निर्णय होतो आणि दोन मुले लाल मातीत एकमेकांच्या हातावर माती देतात.

जोड लावणाऱ्याचे कौशल्य असे की कुस्ती अटीतटीची झाली पाहिजे. एकतर्फी झाली तर मैदानातील लोक विजयी मुलाची वाहवा करत नाहीत. ते जोड लावणाऱ्याकडे पाहून ओरडतात. म्हणजे येथे मूल्यमापन करणाऱ्याचेच मूल्यमापन होते, तेही दोन-तीन मिनिटांत आणि हजार माणसांसमोर. चहाच्या दुकानातील शौकिनाला ही शिक्षा नाही. एकाच परंपरेतले, एकच परिभाषा वापरणारे हे दोन पारखी आहेत. जोड लावणाऱ्याचे बोलणे मात्र मोजके असते. त्याला विशेषणांची गरज भासत नाही, असा अनुभव येतो.

ही पद्धत निर्दोष नाही. ओळखीच्या तालमीच्या मुलाला हलका जोडीदार देणे, यजमान गावच्या मुलाला सांभाळणे हे प्रकार सर्वज्ञात आहेत. तरीही निर्णय आणि त्याचा परिणाम यांच्यात इतके कमी अंतर असलेली दुसरी मूल्यमापनपद्धती सहसा आढळत नाही.

माती, गादी आणि गुण

कोल्हापूरचे खासबाग मैदान राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१२ मध्ये उभे केले. त्या मातीवरच्या निकाली कुस्तीत प्रश्न एकच होता : पाठ लागली की नाही. गादीवरच्या कुस्तीने हा प्रश्न बदलला. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, ताबा मिळवल्याचे दोन गुण, विशिष्ट प्रकारे उचलून टाकल्याचे चार गुण, अशी मोजणी आली. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत आज माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते अखेरीस एकमेकांशी लढतात. म्हणजे मूल्यमापनाच्या दोन परंपरांचा सामना त्या स्पर्धेच्या रचनेतच बसवलेला आहे.

एप्रिल २०२२ मध्ये सातारा येथे पृथ्वीराज पाटील याने विशाल बनकरला ५-४ असे हरवून कोल्हापूरला हा किताब सुमारे दोन दशकांनी परत आणला. चितपट नव्हे, एका गुणाचा फरक. तो जिंकला याचा आनंद निर्विवाद होता, परंतु 'पाच-चार म्हणजे काय?' असे म्हणणारे वृद्ध शौकीनही त्या आठवड्यात भेटले. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातील स्पर्धेत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत बाहेरली टांग या डावावर महेंद्रला चार गुण दिले गेले. ते दोनच द्यायला हवे होते, या मुद्द्यावर पश्चिम महाराष्ट्रात जो वाद पेटला तो अभ्यासण्यासारखा आहे. सिकंदर मोहोळचा असला तरी कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडलेला, म्हणून येथील शौकिनांचा कल उघड होता. वादाची भाषा मात्र अनपेक्षित होती. ज्यांनी आयुष्यभर गुणांची कुस्ती ही कुस्तीच नव्हे असे म्हटले, तेच भ्रमणध्वनीवर ती चित्रफीत थांबवून थांबवून खांदा कोणत्या क्षणी किती अंशात वळला हे एकमेकांना दाखवत होते. पंचाला धमकीचा दूरध्वनी गेल्याची तक्रार झाली, हा या प्रकरणाचा लाजिरवाणा भाग. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिकंदरने किताब जिंकला आणि वाद शमला. चार की दोन, हा प्रश्न मात्र सुटला म्हणून शमला नव्हता. आवडता मल्ल जिंकल्यावर त्या प्रश्नाची कोणाला गरज उरली नाही.

येथे आकड्याच्या बाजूने एक गोष्ट बोलणे न्यायाचे होईल. गारगोटीपासून जवळच्या मुरगूड येथील कुस्ती संकुलातून राष्ट्रीय पातळीवरच्या महिला मल्ल घडल्या. मार्च २०२३ मध्ये सांगली येथे पहिल्या महिला महाराष्ट्र केसरीचा मान प्रतीक्षा बागडी हिने मिळवला. हाडापेर, दम, काळीज ही सारी परिभाषा मुलींना लागू पडण्यास कोणतीच अडचण नव्हती. अडचण पाहणाऱ्याच्या डोळ्यात होती. जत्रेच्या मैदानात ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या प्रवेशच नव्हता त्यांची पारख शौकीन करणार कशी? वजनगट, गादी आणि गुणफलक यांनी त्या मुलींना पाहिले, कारण गुणफलकाला घरंदाजपणाची चिंता नसते. परंपरागत पारखीच्या गौरवाने भारावून लिहिणाऱ्यांनी, त्यांत प्रस्तुत लेखकही आला, हे विसरता कामा नये.

लिलाव

कबड्डीच्या व्यावसायिक स्पर्धेचा प्रारंभ २०१४ मध्ये झाला. तेव्हापासून पारखीच्या चर्चेत एक नवी वस्तू आली, ती म्हणजे किंमत. आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने त्यातील सर्वांत बोलके उदाहरण चंदगड तालुक्यातून आलेल्या सिद्धार्थ देसाई याचे आहे. २०१८ च्या लिलावात यू मुंबा संघाने त्याला ३६.४ लाख रुपयांना घेतले. त्या पहिल्याच हंगामात त्याने चढाईत दोनशेहून अधिक गुण मिळवले. पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख रुपये मोजले. त्या हंगामातील ती सर्वांत मोठी बोली होती. एका संघाला खेळाडूंवर खर्च करण्यासाठी जी सुमारे ४.४ कोटींची मर्यादा होती, तिचा तिसरा हिस्सा एका चढाईपटूवर गेला. त्याने पुन्हा दोनशेहून अधिक गुण मिळवले. संघ मात्र गुणतक्त्यात तळाजवळ राहिला.

यावर आपल्याकडे जी चर्चा झाली तिचे दोन प्रवाह होते. एक म्हणत होता की पोराने आपले काम केले, संघच नालायक. दुसरा म्हणत होता की एवढ्या पैशात दोन चांगले कोपरारक्षक आले असते. दोघांचेही म्हणणे खेळाडूविषयी आहे असे वाटते, पण वस्तुतः ते किंमत या कल्पनेविषयी आहे. लिलावातली किंमत खेळाडूचे मोजमाप नसते. त्या क्षणी किती संघांच्या तिजोरीत पैसे उरले आहेत, कोणाला डावीकडून चढाई करणारा हवा आहे, त्या जागेचे आणखी किती खेळाडू यादीत पुढे आहेत, यावर ती ठरते. तोच खेळाडू यादीत दहा नावे मागे असता तर आकडा वेगळा आला असता. पवन सेहरावत याला २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने २ कोटी २६ लाखांना घेतले, तो पहिल्याच सामन्यात जायबंदी होऊन हंगामाबाहेर गेला, आणि २०२३ मध्ये त्याची किंमत वाढून २ कोटी ६० लाखांच्या पुढे गेली. दरम्यानच्या काळात त्या व्यावसायिक स्पर्धेत तो जवळजवळ खेळलाच नव्हता. तरीही आमच्या चर्चेत 'अडीच कोटींचा गडी' हे विशेषण 'हाडापेराचा' या जुन्या विशेषणाच्या जागी बसले आहे, आणि दुर्दैवाने तेवढ्याच निर्धास्तपणे वापरले जाते.

गुणांच्या आकड्याचीही एक अंगभूत मर्यादा आहे. कबड्डीत चढाईपटूचा प्रत्येक स्पर्श नोंदला जातो. पकडीत मात्र साखळीतले तीन-चार हात गुंतलेले असतात आणि गुण बहुधा ज्याने पहिली झडप घातली त्याच्या नावावर लागतो. ज्याने मागून येऊन चढाईपटूचा मध्यरेषेकडचा मार्ग बंद केला, त्याची नोंद तक्त्यात उरत नाही. ज्याच्याकडे चढाईपटू मुळात वळलाच नाही, इतका ज्याचा कोपरा भक्कम, त्याच्या नावावर त्या चढाईत शून्य असते. गावच्या मैदानावर दोरीपलीकडे बसलेला जुना खेळाडू हे पाहतो आणि शेजाऱ्याला सांगतो. त्याचे सांगणे तेथेच विरून जाते. तक्ता उरतो.

खाशाबांचे प्रकरण

पारख आणि आकडा यांपैकी श्रेष्ठ कोणते, हा प्रश्न अशा रीतीने मांडण्यातच काही गफलत आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ती स्पष्ट करण्यासाठी एका सर्वपरिचित उदाहरणाकडे पुन्हा पाहावे लागेल.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत होते. साडेपाच फुटांच्या आसपासची उंची आणि हलके अंग. महाविद्यालयाच्या क्रीडास्पर्धेसाठी नाव द्यायला गेले असता शरीरयष्टी पाहून त्यांना नाकारण्यात आले, प्राचार्यांकडे दाद मागितल्यानंतर त्यांना संधी मिळाली आणि त्यांनी आपल्याहून धिप्पाड मल्लांना हरवले, अशी हकीकत सांगितली जाते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपूर्वी निवडीतही त्यांना डावलले गेले होते आणि पुन्हा लढून त्यांनी आपली जागा मिळवली, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात येते. हेलसिंकीत ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचे वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडावे लागले.

ही कथा आपण बहुधा 'डोळा चुकला, कर्तृत्वाने उत्तर दिले' अशी सांगतो. पण तिच्यात डोळाच चुकला असे नाही. निवडीच्या वेळचा निकाल हाही शेवटी कोणीतरी नोंदवलेला गुणच होता. म्हणजे पारखही चुकली आणि आकडाही चुकला. मग बरोबर कोण ठरले? हेलसिंकीच्या प्रवासासाठी पैसे कमी पडत होते, तेव्हा प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट आपल्या पदव्युत्तर वर्गांतल्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक असते. प्राचार्यांना कुस्तीतले डाव कितपत कळत होते, याची चर्चा कोणी करीत नाही, आणि ती येथे गैरलागू आहे. 'हे पोरगं होणार' हे वाक्य त्या काळी कोल्हापुरात पुष्कळांनी उच्चारले असेल. त्या वाक्याखाली आपले घर ठेवणारा एक होता. पदकानंतर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने करून त्यांतून ते कर्ज फेडले, हेही त्या व्यवहाराचे दुसरे अंग म्हणून लक्षात घ्यावे लागते. विश्वास टाकणारा आणि ज्याच्यावर टाकला तो, अशा दोघांवरही त्याचे ओझे होते.

या दृष्टीने मागील सर्व उदाहरणांकडे पाहिल्यास वेगळी मांडणी दिसू लागते. जोड लावणारा आपल्या पारखीसाठी मैदानातल्या लोकांना जबाबदार असतो. वस्ताद मुलाला तालमीत ठेवून घेतो तेव्हा पुढची दहा वर्षे पहाटे चारला उठून तो आपल्या निर्णयाची किंमत मोजत असतो. त्याला मुलाच्या दुधाची, आजारपणाची, मारामारीची, कधी कधी परीक्षेच्या अर्जाचीही चिंता करावी लागते. लिलावात बोली लावणारा संघही किंमत मोजतोच, हे नाकारता येणार नाही. मात्र ती पैशात आणि एक-दोन हंगामांपुरती असते. करार संपला की मुलाचा गुडघा हा मुलाचा प्रश्न होतो. आणि शौकीन? तो काहीच मोजत नाही. त्याच्या हाती हाडापेर हा शब्द दिला काय किंवा चढाईच्या गुणांचा तक्ता दिला काय, त्याच्या निर्णयाला वजन येत नाही, कारण चुकल्यास त्याचे काहीच जात नाही. संस्कृत काव्यशास्त्रातील सहृदयाशी शौकिनाची तुलना करण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकाने एका चर्चासत्रात तशी ती केलीही होती. आज ती अपुरी वाटते. सहृदयासमोर काव्य पूर्ण झालेले असते. शौकिनासमोर बारा वर्षांचा मुलगा असतो आणि तो हे सारे ऐकत असतो.

न उच्चारलेला निर्णय

हे ऐकणे किती खोल जाते, याचा अनुभव वर्गात येतो. आमच्याकडे प्रथम वर्षाला दरवर्षी दोन-चार मुले अशी असतात की ज्यांची मान रुंद, कान फुटलेले आणि उपस्थिती तुटपुंजी असते. शेवटच्या बाकावर बसून ती दुपारच्या तासाला झोपतात. पहाटेच्या मेहनतीनंतर झोप येणारच. काही वर्षांपूर्वी अशाच एका विद्यार्थ्याला मी त्याच्या वडिलांसमोर 'हा पुढे जाणार' असे म्हटले होते. त्याची एकच कुस्ती मी पाहिली होती, तीही अर्धी. वडिलांनी ती गोष्ट मनावर घेतली आणि एक म्हैस विकली, हे मला दोन वर्षांनी कळले. मुलाने तृतीय वर्षाची परीक्षा दिली नाही. माझ्या त्या वाक्यामुळेच असे घडले, असा दावा मी करणार नाही. घरात आणि गावात तेच वाक्य म्हणणारे इतर बरेच होते. पण त्यांच्यात एक प्राध्यापक होता, आणि प्राध्यापकाने म्हटले म्हणून वडिलांनी ते लक्षात ठेवले.

त्या प्रसंगानंतर शौकिनांच्या परिभाषेकडे पुन्हा पाहताना एक उणीव जाणवली. होणाऱ्या मुलासाठी या बोलीत पुष्कळ शब्द आहेत. न होणाऱ्या मुलासाठी एकही नाही. 'आता थांब' असे सांगणारा कोणताही रूढ शब्दप्रयोग प्रस्तुत लेखकाच्या ऐकिवात नाही. वस्तादही तसे म्हणत नाही. तो त्या मुलाला कमी लढती देतो, जोर-बैठकांवर ठेवतो, लहान मुलांना डाव शिकवायला सांगतो, आणि मुलाने त्यातून समजून घ्यावे अशी अपेक्षा असते. काहींना समजते. काही आणखी तीन वर्षे राहतात. लिलावाची पद्धत या बाबतीत निदान स्पष्ट आहे. नाव पुकारले गेले, कोणी हात वर केला नाही, पुढचे नाव. त्यात क्रौर्य आहे. त्याच्या तुलनेत तालमीचे मौन दयाळू म्हणावे, तर त्या दयेपायी मुलाची तीन वर्षे जातात.

तेवीस-चोवीसाव्या वर्षी यांतील बहुतेक मुले पोलीस भरतीच्या मैदानावर येतात. खेळाडूंसाठी राखीव असलेल्या पाच टक्के जागांसाठी विशिष्ट दर्जाच्या स्पर्धेतील प्राविण्याचे प्रमाणपत्र लागते, आणि जत्रेतल्या मैदानांचे तसे प्रमाणपत्र नसते. मग सर्वांबरोबर रांग. उंची १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ५ सेंटिमीटर अधिक, येथवर ती सहज पार पडतात. गोळाफेकीतही अडचण येत नाही. त्यानंतर सोळाशे मीटर धावायचे असते. ज्या जाड पेरांनी बाराव्या वर्षी सगळ्या गावाला भुरळ घातली होती ती पेरे, त्यांवर दहा वर्षे चढवलेले दूध-तुपाचे वजन घेऊन, घड्याळाविरुद्ध पळतात. गेल्या वर्षी असाच एक माजी विद्यार्थी महाविद्यालयाच्या मैदानावर पहाटे धावताना दिसला. चौथ्या फेरीनंतर तो कंबरेवर हात ठेवून वाकला नाही, चालत राहिला, हे माझ्या लक्षात आले. मी त्याला काही बोललो नाही. किती वेळ लागला ते विचारले, आणि त्याने सांगितलेला आकडा वहीत लिहून ठेवला, म्हणजे पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारता येईल.